चोवीस सेकंद उभी राहिलेली जोडी

ब्राउझरमधली एखादी हलती गोष्ट एकूण किती हलून झाली, हे ब्राउझरलाच विचारता यावं, याची मी बारा-तेरा वर्षं वाट पाहिली. ज्या दिवशी ते विचारता येऊ लागलं, त्या दिवशी बल्लारपूरच्या आमच्या दोन खोल्यांमध्ये मी एकटीच नाचले. त्यानंतर पाचव्या दिवशी दहा गावांसमोर माझी अशी फजिती झाली की पोंभुर्ण्याच्या बाजारात अजूनही अनोळखी माणसं मला 'बैल घसरवणाऱ्या बाई' म्हणतात. कामातला एखादा प्रसंग लिहून द्या, असं या अंकासाठी सांगण्यात आलं तेव्हा मला दुसरा काही सुचलाच नाही.

मी वेबसाइट बनवते. त्यातही जे हलतं, सरकतं, भरतं, उमलतं, ते माझ्याकडे येतं. माझे वडील तलावात मासे धरायचे, आई रोवणीला जायची, आणि आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी कोणी विचारलं नाही तरी सांगते. गिऱ्हाइकं मात्र माझी पदवी बघायला येत नाहीत. एका लग्नपत्रिकेच्या पानावर नवरदेव-नवरीची नावं फुलांतून उमलायची होती. नवरीच्या काकांनी येऊन सांगितलं की आमचं नाव दोन सेकंद जास्त थांबलं पाहिजे, मंडप आम्ही दिला आहे. दुसऱ्या दिवशी मामा आले. त्यांनी जेवण दिलं होतं. शेवटी ती पत्रिका इतकी लांबली की नवरीचं नाव यायच्या आत लोक पान बंद करू लागले. एका क्लासवाल्यांना 'तुमचा अर्ज भरला जात आहे' अशी पट्टी हवी होती. अर्ज खरं तर क्षणात जायचा. पण ते म्हणाले, पट्टी हळूहळू भरू द्या, नव्व्याण्णववर जरा अडकू द्या, पोरांना वाटलं पाहिजे काहीतरी मोठं चाललंय. मी ती पट्टी बनवून दिली. त्याचं मला वाईट वाटतं, कारण पट्टीवर लोक विश्वास ठेवतात. किती विश्वास ठेवतात, हे मला पुढे बैलांच्या पटाच्या मैदानात कळलं.

ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांना थोडं समजावून सांगते. पानावरचं चित्र हलवतो ब्राउझर. आपण फक्त हुकूम देतो: अमुक वेळ थांब, मग एक पाऊल अमुक वेळात टाक, आणि असं चाळीस वेळा कर. तो ते फार सुरेख करतो. पण काम कुठवर आलं, हे माझ्या स्क्रिप्टला, म्हणजे मी लिहिलेल्या सूचनांना, कळलं तर पुढचं काही करता येतं. विचारायची सोय होती, ती एका पावलापुरती. सतरावं पाऊल अर्धं पडलं असेल तर ब्राउझर म्हणणार, अर्धं झालं. अठरावं सुरू झालं की पुन्हा शून्य. धान रोवणाऱ्या बाईला विचारावं, बांधी, म्हणजे बांधातला सगळा तुकडा, किती रोवून झाली, आणि तिनं हातातल्या रोपांच्या पेंडीबद्दलच सांगावं, तसं. सगळ्या बांधीचं गणित आपलं आपण मांडायचं. माझं ते गणित दहा ओळींचं होतं आणि मला प्रत्येक ओळीचा राग होता.

मग ब्राउझरमध्ये नवी सोय आली. तिचं नाव ओव्हरऑल प्रोग्रेस. एक शब्द विचारायचा आणि शून्य ते एक यांच्यामधला आकडा घ्यायचा. शून्य म्हणजे सुरुवात, एक म्हणजे आटोपलं. चाळीस पावलं असोत की चारशे. मी नाचले ते याच्यासाठी. आणि त्याच दुपारी माझ्या पटाच्या कामातल्या त्या दहा ओळी काढून टाकल्या आणि तिथे तो एक शब्द बसवला. घरी चालवून पाहिलं. मस्त चाललं.

आता पटाबद्दल. पोंभुर्ण्याजवळच्या एका गावात धान निघाल्यावर शंकरपट भरतो, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. प्रत्येक जोडी एकेकटी धावते, घड्याळावर वेळ घेतात, आणि ज्याचा वेळ कमी त्याचा पहिला नंबर. धावायच्या लांब पट्टीला दाण म्हणतात. दाणीच्या शेवटी उभं राहणाऱ्याला सुरुवात दिसत नाही, सुरुवातीच्या माणसाला शेवट दिसत नाही आणि मधल्याला धुळीशिवाय काही दिसत नाही. त्यामुळे दरसाल भांडण ठरलेलं. ते मिटवायला पट समितीचे अध्यक्ष बाबूरावभाऊ माझ्याकडे आले होते. त्यांना शेवटच्या दोन जोड्या मोठ्या एलईडी स्क्रीनवर शेजारी-शेजारी पळताना दाखवायच्या होत्या, म्हणजे वेगवेगळ्या वेळी पळालेल्या जोड्या एकाच वेळी सुटल्यासारख्या दिसतील आणि कोण किती पुढे होतं हे साऱ्यांना कळेल.

मी तसं बनवून दिलं. बैलांचे पाय हलवायचं काम ब्राउझरचं, आणि जोडी दाणीवर कुठे पोचली हे ठरवून तिला तिथे ठेवायचं काम माझ्या स्क्रिप्टचं. पहिल्या वर्षी मी पावलापुरता आकडा वापरायची चूक केली होती, तेव्हा बैल दर पावलाला शेवट गाठून पुन्हा सुरुवातीला येत होते. ते सुदैवानं घरीच दिसलं. त्यानंतर तीन पट त्या दहा ओळींवर सुरळीत झाले आणि स्क्रीन म्हणेल ते खरं, अशी लोकांना सवय लागली.

या पटाचा एक नियम मी दुसरीकडे पाहिला नाही. जोडी चुन्याच्या रेघेवर आणून उभी केली की झेंडीवाला आपल्या मर्जीनं झेंडी पाडतो. तोवर जोडीनं जागेवरून हलायचं नाही. रेघ ओलांडली की बाद. म्हणून घड्याळवाला तीन वेळा टिपून ठेवतो: रेघेवर उभी राहिली ती, झेंडी पडली ती आणि जोडी पोचली ती. मीही ब्राउझरला तसंच सांगायची, की जितका वेळ जोडी उभी होती तितका वेळ थांब आणि मग पळ; दोन्ही जोड्यांची झेंडी मात्र स्क्रीनवर एकाच क्षणी पडेल असं जुळवायची.

यंदा शेवटच्या दोन जोड्यांमध्ये एक डोमाभाऊंची होती. डोमाभाऊंच्या घरी तीन पिढ्यांपासून पटाचे बैल. दुसरी जनाबाईची. जनाबाई पन्नाशीच्या, नवरा गेल्यावर दोन गोऱ्हे स्वतः वाढवून त्यांची जोडी केलेली. लोक म्हणायचे, बाईच्या हातचे बैल लाडाचे, रेघेवर उभे राहत नाहीत. आणि मागच्या दोन्ही पटांत ते खरंच झेंडीच्या आधी सुटून बाद झाले होते. यंदा दिरानं सांगून ठेवलं होतं की तिसऱ्यांदा बाद झाले तर पटाचा नाद बंद, बैल नांगराला. म्हणून जनाबाई वर्षभर रोज सकाळी अंगणात चुन्याची रेघ ओढायच्या, जोडी तिच्यावर उभी करायच्या आणि समोर बसून भाजी चिरायच्या. भाजी चिरून होईपर्यंत बैलांनी हलायचं नाही. हे त्यांनीच मला पटाच्या दिवशी सकाळी सांगितलं, आणि हेही म्हणाल्या की त्या वर्षात घरात भाजी फार बारीक चिरली गेली.

त्या दिवशी स्क्रीनचा ट्रक येताना नहराच्या वळणावर फसला. तो निघून मैदानात येईपर्यंत सगळ्या फेऱ्या आटोपल्या होत्या आणि शेवटच्या दोनच जोड्या उरल्या होत्या. म्हणजे माझ्या एक शब्दाच्या नव्या कामाची पहिली परीक्षा थेट शेवटच्या फेरीत.

डोमाभाऊंची जोडी आधी सुटली. दोन सेकंद उभी राहिली, झेंडी पडली, आठ सेकंद आणि वर थोडंसं. मग जनाबाईची जोडी रेघेवर आली. झेंडीवाल्यानं हात वर केला आणि तेवढ्यात एक बकरी दाणीवर आली. मधोमध उभी राहिली, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, खाली काहीतरी हुंगलं. माणसं हाकलायला धावली तर ती दाणीवरूनच पुढे पळाली. झेंडी वरच. बैल रेघेवर. चोवीस सेकंद. मी घड्याळवाल्याजवळ होते. बैलांचे कान हलत होते, पण एकही खूर उचलला नाही. झेंडी पडली आणि बरोबर आठ सेकंदांत जोडी पोचली. पहिला नंबर जनाबाईचा.

पण घड्याळाचा निकाल मोजक्या लोकांना माहीत होता. बाकी दहा गावं स्क्रीनकडे तोंड करून उभी होती. मी आकडे टाकले आणि बटण दाबलं.

स्क्रीनवर झेंडी वर होती. डोमाभाऊंची जोडी सुरुवातीला. आणि जनाबाईची जोडी पाय न हलवता दाणीवरून पुढे घसरत निघाली. हळूहळू, फरशीवर कोणी कपाट सरकवावं तशी. झेंडी पडायच्या आधी ती तीन चतुर्थांश दाण ओलांडून गेली. डोमाभाऊंची जोडीही शेवटच्या दोन सेकंदांत जराशी सरकली, पण तिकडे कोणी पाहिलं नाही. खाली मी हौसेनं मोठा आकडा लावला होता: पंचाहत्तर टक्के. मग झेंडी पडली, पाय हलले आणि जोडी उरलेलं अंतर पळून पोचली.

डोमाभाऊंच्या बाजूनं आवाज उठला की जोडी आधीच सुटली, बाद करा. त्यांना मी दोष देत नाही. स्क्रीननं सांगितलं तेच ते बोलत होते.

माझ्या डोक्यात तेव्हाच उजेड पडला. तो नवा आकडा सगळं काम मोजतो, आणि सगळ्या कामात सुरुवातीचं थांबणंही धरतो. चोवीस सेकंद उभं राहणं, आठ सेकंद पळणं, मिळून बत्तीस. झेंडी पडताना बत्तीसपैकी चोवीस झालेले, म्हणजे पंचाहत्तर टक्के. ब्राउझर अगदी खरं बोलत होता. माझ्या जुन्या दहा ओळींमध्ये थांबणं वजा करणारी एक ओळ होती, तिलाही मी त्या दिवशी नाचत नाचत काढून टाकलं होतं. घरी चालवून पाहताना कळलं नाही, कारण घरी मी बैल उभेच ठेवले नव्हते, लगेच पळवले होते. जी जोडी सगळ्यात जास्त वेळ उभी राहिली, तीच माझ्या स्क्रीनवर सगळ्यात मोठी चोर ठरली होती.

बाबूरावभाऊ मंचावरून खाली आले. जनाबाई माझ्या टेबलाजवळ येऊन उभ्या होत्या, त्यांचा चेहरा पाहवत नव्हता. बाबूरावभाऊंनी हळूच विचारलं, "बाई, तुमची मशीन खरी का आमचे डोळे खरे, येवढंच सांगा."

मी म्हणाले, "डोळे खरे, भाऊ. मशीन बी खरी. चूक माही आहे."

"मंग हे माईकवर बोला."

माईक मोरेश्वरभाऊंच्या हातात होता. सकाळपासून ते पटाचं धावतं वर्णन करत होते. त्यांनी तो माझ्याकडे दिला. मी कॉलेजात वक्तृत्वात भाग घेतला होता, त्याचा काही उपयोग झाला नाही. मी म्हणाले, गडचिरोलीची एस.टी. स्टँडवर अर्धा तास उभी राहते. माझं जुनं गणित गाडी हलल्यापासूनचा प्रवास मोजायचं, हे नवं तुम्ही सीटवर बसल्यापासून मोजून राह्यलं आहे. गर्दीतून कोणी म्हणालं की बरोबर आहे, बुड तं तवापासूनच दुखते. लोक हसले. पण डोमाभाऊ हसले नाहीत. ते पुढे येऊन म्हणाले, "बोलणं ठीक आहे. आता साऱ्यासमोर दुरुस्त करून दाखवा. नाई तं मले काऊन पटावं?"

त्यांचं म्हणणं रास्त होतं. मी खुर्ची ओढली. आणि हे लक्षातच आलं नाही की लॅपटॉप स्क्रीनला जोडलेला आहे. मी लिहिते ते अक्षर न् अक्षर एका माणसाएवढं होऊन दहा गावांना दिसत होतं. माईक परत मोरेश्वरभाऊंकडे गेला होता आणि रिकामा माईक त्यांना सहन होत नाही.

"बाई मैदानात उतरल्या," ते म्हणाले. "पहिली ओळ खोडली. दुसरीवर आल्या. थांबल्या. विचार करून राह्यल्या. लिवलं. अरे, चुकलं, मागं घेतलं. पुन्हा लिवलं. आता सुटल्या बाई, आता सुटल्या."

माझं एक अक्षर चुकलं तर शिट्टी वाजायची. बरोबर बसलं तर हलगी. मला हसू आवरत नव्हतं. चौदा मजली इमारतीत, काचेच्या खोलीत बसून काम करणाऱ्या माझ्या कॉलेजच्या मैत्रिणींना कधी कोणी हलगी वाजवून दाद दिली असेल असं मला वाटत नाही.

घाईत मी सगळ्यात सोपा उपाय केला. थांबण्याचा वेळ शून्य करून टाकला. दाबलं. दोन्ही जोड्या रेघेवरून एकदम सुटल्या, जनाबाईची जोडी केसभर आधी पोचली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबूरावभाऊंनी सुस्कारा टाकला. मला वाटलं झालं.

जनाबाई म्हणाल्या, "हे काय व पोरी?"

"जिंकल्या ना तुम्ही, बाई."

"जिंकली ते मले ठाऊक आहे. माह्या बैलायचं उभं राहणं कुठी गेलं?"

मी सांगायला लागले की ते दाखवलं नाही तरी निकालाला फरक पडत नाही. त्यांनी मला पुरतं बोलू दिलं नाही. "पळते तं कोणताबी बैल. दोन साल माहे उभे नाई राह्यले म्हणून बाद झाले. यंदा उभे राह्यले. आणि तू तेवढंच काढून टाकलं. दीर तिकडे पाहून राह्यला आहे. त्याले ते दाखव."

मी डोमाभाऊंकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. म्हणजे दाखवा.

मग पुन्हा खुर्ची, पुन्हा मोरेश्वरभाऊ. "दुसरी फेरी चालू झाली. बाई पुन्हा रेघेवर." मी चोवीस सेकंद परत ठेवले, आणि थांबण्याचा वेळ वजा करणारी ती जुनी ओळ आठवून आठवून लिहिली. दाबलं. जनाबाईची जोडी स्क्रीनवरून गायबच झाली. वजा केल्यावर आकडा शून्याच्या खाली गेला होता, आणि माझ्या आज्ञाधारक स्क्रिप्टनं जोडीला रेघेच्या कितीतरी मागे नेऊन ठेवलं होतं. मोरेश्वरभाऊंनी जाहीर केलं की बैल घरी गेले. मैदानाचं हसणं थांबेना. हलगीवाला खाली बसला. बाबूरावभाऊ तोंडावर दुपट्टा धरून पाठमोरे झाले, खांदे हलत होते. जनाबाईसुद्धा हसल्या, त्या दिवशी पहिल्यांदा.

शून्याच्या खाली जायचं नाही, एवढी आणखी एक ओळ. लिहिली, तपासली, मोरेश्वरभाऊंनी ती मोठ्यानं वाचायचा प्रयत्न करून सोडून दिली. दाबलं.

जनाबाईची जोडी रेघेवर होती. झेंडी वर. जोडी हलत नव्हती. पाय हलत नव्हते. आकडा शून्य. एवढ्या मोठ्या स्क्रीनवर काहीच होत नव्हतं आणि हजारो माणसं ते पाहत होती. पाचव्या-सहाव्या सेकंदाला माझ्या लक्षात आलं की कोणी बोलत नाही. मोरेश्वरभाऊंनीही माईक खाली घेतला होता. सुरुवातीच्या टोकाला बकरी पाहिलेले लोक होते, पण दाणीच्या दुसऱ्या टोकाच्या लोकांनी ते उभं राहणं पाहिलंच नव्हतं, ते आत्ता पाहत होते. दहा सेकंद. पंधरा. पटाच्या माणसांना कळतं की झेंडी वर असताना दोन बैलांना एवढा वेळ धरून ठेवणं म्हणजे काय. जनाबाईच्या दिरानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती, आणि ती हातात आहे हे त्याला बहुतेक माहीत नव्हतं.

विसाव्या सेकंदाला डोमाभाऊ माझ्या शेजारी, कोणालाही उद्देशून नाही अशा सुरात म्हणाले, "उभी आहे गा. अजून उभी आहे."

चोवीसला झेंडी पडली. पाय सुटले. आठ सेकंद. मैदान असं ओरडलं की स्क्रीनचा ट्रकवाला दचकून केबिनमधून उतरला. डोमाभाऊ जाऊन जनाबाईच्या बैलांच्या कपाळाला स्वतःच्या हातानं गुलाल लावू लागले, आणि दीर टोपी हातात घेऊनच बैलांचे कासरे धरायला धावला.

तो नवा आकडा त्यानंतर मी बऱ्याच ठिकाणी वापरला, थांबणं धरून किंवा वगळून, जसं लागेल तसं. कोणतं कधी, हे आता मी गिऱ्हाइकाला आधीच विचारते.

गर्दी पांगायला लागली तशी मी वायर काढायला वाकले. जनाबाईंनी माझा हात धरला. मला वाटलं आता आशीर्वाद वगैरे देणार.

"अजून एकखेप लाव," त्या म्हणाल्या. "पळणं नको. उभं राहणं तेवढं लाव."

मी लावलं. ट्रकवाला हॉर्न देत होता, तरी मी लावलं. आम्ही ते सात वेळा पाहिलं.